ऑनलाइन मित्रांना धीराचा निरोप कसा लिहावा

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या गुहागर तालुक्यातील गावात, दुपारच्या वेळी देवळाच्या सभामंडपात बसून, ज्यांच्या हाती पहिल्यांदाच स्मार्टफोन आला आहे अशा मंडळींना तो वापरायला शिकवते. फोन लावणे, मुंबईच्या नातवंडाला व्हिडिओवर पाहणे, विजेचे बिल भरणे या गोष्टी आठ-दहा दिवसांत जमतात. त्यानंतर मात्र जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन येतो, "बाई, ग्रुपवर सगळे इतके छान छान पाठवतात, मी काय पाठवू?" या साध्या प्रश्नामागे बराच संकोच असतो. समोरची माणसे प्रत्यक्ष कधी भेटलेली नसतात. कुणी देवगडचे बागायतदार, कुणी वेंगुर्ल्याच्या शिक्षिका, कुणी डोंबिवलीत राहणारा आपल्याच वाडीचा चाकरमानी. त्यांना बरे वाटेल असे काही लिहावेसे वाटते, पण शब्द सुचत नाहीत, आणि मग माणूस दुसऱ्याने पाठवलेले फुलांचे चित्र तसेच पुढे पाठवून मोकळा होतो.

हा लेख त्या संकोचात अडकलेल्यांसाठी आहे. माझे सारे सांगणे एका गोष्टीभोवती फिरते: जो निरोप त्या एकाच माणसाला पाठवता येतो आणि दुसऱ्या कुणाला पाठवला तर निरर्थक ठरतो, तोच निरोप खरा धीर देतो. तो लिहिण्यासाठी लेखक असावे लागत नाही. समोरच्याने आपल्याला काय सांगितले होते, ते लक्षात ठेवावे लागते.

आधी फोनची तयारी

आपल्या मनातले लिहायचे असेल, तर फोनवर मराठी सहज उमटली पाहिजे. सेटिंगमध्ये भाषा आणि कीबोर्ड या भागात जाऊन मराठी जोडून घ्यावी. गुगलच्या कीबोर्डवर मराठीचे दोन प्रकार सोयीचे आहेत: एकात देवनागरी अक्षरेच समोर दिसतात, तर दुसऱ्यात इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहिला की देवनागरी शब्द तयार होतो. ज्यांची बोटे थरथरतात किंवा ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांनी कीबोर्डवरचे माइकचे चिन्ह दाबून सरळ बोलावे. फोन ते लिहून घेतो. मात्र बोलून लिहिलेला मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा वाचलाच पाहिजे, कारण "धीर धरा" असे म्हटलेले फोनला "दीर धरा" असे ऐकू येऊ शकते आणि दुःखात असलेल्या माणसाला तसे वाचायला लागणे बरे नव्हे. चूक राहिलीच, तर व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पहिल्या १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, आणि साधारण दोन दिवसांपर्यंत तो सर्वांच्या फोनवरून काढूनही टाकता येतो. काढून टाकल्याची खूण मात्र समोरच्याला दिसते, म्हणून शक्यतो दुरुस्तीच करावी.

आणखी दोन कामे त्याच दिवशी उरकावीत. फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी, म्हणजे फोनची जागा शुभेच्छांच्या चित्रांनी भरून जाणार नाही. आणि प्रत्येक ऑनलाइन मित्राचे नाव जतन करताना सोबत गाव आणि ओळखीचा धागा लिहावा, उदाहरणार्थ "मालवणच्या ताई, परसबाग ग्रुप". तीन महिन्यांनी कुणाचा निरोप आला की आपण कुणाशी बोलत आहोत हे चटकन कळते.

पुढे पाठवलेल्या सुविचाराची गोष्ट

पुढे पाठवलेल्या प्रत्येक मजकुरावर व्हॉट्सॲप एक बाण दाखवते. बाण दोन असतील, तर तो मजकूर किमान पाच हातांतून फिरत फिरत आपल्यापर्यंत आला आहे असे समजावे. असा मजकूर एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. हे बाण समोरच्यालाही दिसतात, हे नवख्यांना बहुधा ठाऊक नसते. आपण प्रेमाने पाठवलेले वाक्य त्या माणसाने सकाळपासून तिसऱ्यांदा पाहिलेले असू शकते. शिवाय अशा मजकुराखाली एखाद्या थोर लेखकाचे किंवा संताचे नाव असते, आणि ते वाक्य त्यांचे नसण्याची शक्यता बरीच असते. आपल्याला खात्री नसेल, तर निदान ते नाव तरी पुढे नेऊ नये.

माझ्या हातून घडलेली एक चूक मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. आमच्या घराची कौले उडाली, वीज गेली. दोन दिवसांनी शेजारच्या वाडीत फोन चार्ज करून मिळाला, तेव्हा आपण सुखरूप आहोत हे सर्वांना कळावे म्हणून मी उगवत्या सूर्याचे एक चित्र सगळ्या ओळखीच्यांना एकदम पाठवले. त्यावर लिहिले होते, "जे होते ते चांगल्यासाठीच होते." त्या यादीत देवगडचे एक बागायतदार काका होते. दोन वर्षे आमच्या परसबागेच्या ग्रुपवर त्यांच्याशी बोलणे होते, भेट कधीच नव्हती. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्यांनी वाचले होते, पण उत्तर आले नाही. संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून कळले की त्यांची आंब्याची जुनी अकरा कलमे एका रात्रीत मुळासकट आडवी झाली होती.

त्या रात्री मी त्यांना पुन्हा लिहिले. "काका, सकाळी मी पाठवलेले चित्र न पाहता, सर्वांना एकदम पाठवले होते. तुमच्याकडे काय झाले आहे ते ठाऊक नव्हते. माझे चुकले. विहिरीकाठचे कलम तुमच्या वडिलांनी लावल्याचे तुम्ही सांगितले होते. ते उभे आहे का?"

आठ दिवसांनी त्यांचा चार मिनिटांचा आवाजी निरोप आला. ते कलम पडले होते. वडील उन्हाळ्यात कावडीने पाणी आणून ते कसे जगवत, पहिल्या वर्षी आलेले फळ घरात सर्वांना एकेक फोड असे कसे वाटले होते, हे ते सांगत राहिले. मधे एकदा बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज होता. त्यांनी काही मागितले नाही आणि मीही काही सुचवले नाही. "ऐकले काका, सगळे ऐकले," एवढेच मी लिहिले. त्यानंतर आमचे बोलणे कधी तुटले नाही.

याचा अर्थ पुढे पाठवलेले प्रत्येक चित्र वाईट, असा कुणी घेऊ नये. माझ्याकडे शिकलेल्या एक आजी भांडुपला राहणाऱ्या बहिणीला रोज पहाटे गणपतीचे एक चित्र पाठवतात, आणि ते आले की बहिणीला कळते की ताई उठली, चालती-फिरती आहे. ती दोघींची ठरलेली हजेरी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. फक्त हजेरीला धीराचा निरोप समजू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक निरोप पायरीपायरीने

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. मागे एका जूनमध्ये, रात्री साडेदहाच्या सुमारास, मालवणच्या एका ताईंनी परसबागेच्या ग्रुपवर लिहिले: "इंजिन बंदीच्या आधीच गेले. मे महिना फुकट गेला. आता दोन महिने कसे काढायचे ते सुचत नाही. वांग्याची रोपे पण पाण्यात गेली." या ताईंच्या यजमानांची मासेमारीची होडी आहे आणि त्या स्वतः बाजारात मासे विकायला बसतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणून मे महिन्यातल्या कमाईवरच पावसाळ्याचा पहिला भाग निघतो. त्या निरोपाखाली सात जणांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले, दोघांनी सुविचार टाकले आणि एकाने "सकारात्मक राहा ताई" असे लिहिले. या सर्वांच्या मनात ताईंविषयी माया होती, यात मला शंका नाही. पण ताईंनी त्यानंतर ग्रुपवर काहीच लिहिले नाही.

अशा वेळी सर्वांत आधी तो निरोप दोनदा वाचावा आणि माणसाने नेमके काय काय सांगितले आहे ते मोजावे. ताईंनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: इंजिन बिघडले, दोन महिन्यांची चिंता आहे, आणि रोपे गेली. खरे दुखणे दुसऱ्या गोष्टीत होते. पण माझ्यासारख्या दूरच्या बाईच्या हाताला लागेल अशी गोष्ट तिसरी होती. घाईत वाचणाऱ्याला फक्त "अडचण आहे" एवढेच दिसते, आणि मग त्याचे उत्तरही तसेच ढोबळ उतरते.

त्यानंतर ग्रुप सोडून त्या व्यक्तीला स्वतंत्र लिहावे. शंभर-दीडशे माणसांसमोर पैशाची चणचण उलगडून सांगणे कुणालाही जड जाते, आणि आपल्या कोकणात तर फारच. ग्रुपवर लिहायचेच असेल, तर "ताई, तुम्हाला वेगळे लिहिले आहे" एवढे पुरे.

पहिली ओळ त्यांच्याच शब्दांची असावी. आपण वाचले आहे, हे त्यातूनच त्यांना कळते. दुसऱ्या ओळीत एकच प्रश्न विचारावा, आणि तो असा असावा की थकलेल्या माणसालाही दोन शब्दांत उत्तर देता येईल. "तुम्हाला काय वाटते आहे?" हा प्रश्न मोठा आहे, "इंजिन दुरुस्त होण्यासारखे आहे का?" हा पेलण्यासारखा. शेवटी, आपल्याकडून खरोखर होण्यासारखे काही असेल तरच ते सांगावे. "काही लागले तर सांगा" असे आपण सारेच लिहितो, पण त्यामुळे मागण्याचा भार अडचणीत असलेल्या माणसावरच पडतो. मी ताईंना लिहिले ते असे:

"ताई, मे महिना फुकट गेला हे वाचून वाईट वाटले. बंदीच्या तोंडावर इंजिन जाणे म्हणजे काय, हे तुमच्याकडूनच मी मागच्या वर्षी ऐकले होते. इंजिन दुरुस्त होण्यासारखे आहे का? माझ्याकडे वांग्याची चाळीसेक रोपे तयार आहेत. सोमवारी आमचा भाचा मालवणला जाणार आहे, त्याच्याकडे देते. उत्तर सवडीने द्या."

यात काय लिहिले नाही, तेही पाहावे. सगळे ठीक होईल, असे लिहिले नाही, कारण ते माझ्या हातात नव्हते. आमच्याकडे तर याहून वाईट झाले होते, असेही लिहिले नाही. समोरचा आपले दुःख सांगत असताना आपले दुःख त्याच्यापुढे ठेवले, की त्यालाच आपले सांत्वन करावे लागते. आणि "उत्तर सवडीने द्या" ही ओळ मी कधीच गाळत नाही, कारण तिच्यामुळे उत्तर देण्याचे ओझे हलके होते. ताईंचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले: "इंजिन होईल बोलले. रोपे पाठवा बाई, जागा केली आहे."

आपल्या गावच्या देवळात गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा काय होते, ते आठवून पाहावे. गाऱ्हाणे घालणारा देवापुढे त्या माणसाचे नाव घेतो, त्याची नेमकी अडचण सांगतो, आणि मग जमलेले सारे एका आवाजात "होय महाराजा" म्हणतात. त्या "होय महाराजा"ला बळ येते ते आधी नाव आणि अडचण उच्चारल्यामुळे. ग्रुपवरच्या हात जोडलेल्या चिन्हांचेही तसेच आहे. आधी कुणीतरी त्या माणसाची अडचण नीट शब्दांत मांडली, तर मागून आलेली ती चिन्हेही सोबतीची वाटतात.

सल्ला देण्यापूर्वी

धीर देणे आणि सल्ला देणे ही दोन वेगळी कामे आहेत. नवखा माणूस दोन्ही एकाच निरोपात करायला जातो, आणि तेथेच बोलणे बिघडते. सल्ला मागितला नसेल, तर आधी विचारावे: "मला एक सुचते आहे, सांगू का?" समोरून होकार आला तर सांगावे, नाही आला, किंवा विषय बदलला गेला, तर तेवढ्यावर थांबावे. "असे करायला हवे होते" हे वाक्य तर कधीच लिहू नये, कारण गेलेली वेळ परत येत नाही आणि मागे राहतो तो फक्त दोष.

सल्ला चांगला निघतो तो प्रश्न विचारल्यावर. मुंबईत पस्तीस वर्षे नोकरी करून गावी परतलेले एक गृहस्थ आमच्या ग्रुपवर आहेत. त्यांनी एकदा लिहिले की गावात घर बांधले, आगर केले, पण संध्याकाळ खायला उठते. मित्रांनी त्यांना योगासने, वाचन, सकाळचे फिरणे, मोबाइलवरची प्रवचने असे बरेच काही सुचवले. मी त्यांना विचारले, "मुंबईत संध्याकाळी सहा वाजता तुम्ही काय करत होता?" उत्तर आले की ते रोज एकाच लोकलच्या एकाच डब्यात असत, ठरलेली आठ-दहा माणसे भजन म्हणत आणि ते टाळ धरत. म्हणजे रोजच्या रोज, सोबत बसून एका सुरात म्हणणारी माणसे हरवली होती, आणि योगासनांनी ती परत येणारी नव्हती. मग एवढेच सुचवले की त्यांच्या शेजारच्या वाडीत दर गुरुवारी भजन असते, तिकडे एकदा टाळ घेऊन जावे. ते गेले. आता त्यांचे निरोप कमी येतात, आणि ते कमी येण्यातच मला समाधान आहे.

सल्ला देताना एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ती आपल्या अनुभवाच्या रूपात सांगावी: "मी असे केले होते, तुमच्याकडे जमेल का ते तुम्ही पाहा." औषध, कर्ज, जमिनीचे वाद आणि नवरा-बायकोतील बेबनाव या चार विषयांत तर मी सल्ला देतच नाही. कोणाकडे जावे हे माहीत असेल तर तेवढे सांगते. साखरेच्या गोळ्या बंद करून अमुक काढा घ्या, असा मजकूर कितीही आपुलकीने आला, तरी तो पुढे पाठवणाऱ्याने समोरच्याच्या जिवाची जबाबदारी घेतलेली असते.

संबोधनाचेही थोडे सांगते. ऑनलाइन मित्राचे वय आपल्याला बहुधा ठाऊक नसते, म्हणून सुरुवात "तुम्ही"ने करावी आणि "तू"वर यायचे ते त्याने म्हटल्यावरच. ताई, काका, दादा, वहिनी ही आपली नाती येथे उपयोगी पडतात. बोली समान असेल, तर बोलीतच लिहावे. प्रमाण मराठीतल्या दहा ओळींपेक्षा मालवणी माणसाला "कसो आसस?" एवढ्यानेच अधिक बरे वाटते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

केव्हा लिहावे

आमच्याकडे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. घरात रेंज नसली की माणसे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढून सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळमाळावर, जातात आणि तेथे उभी राहून निरोप वाचतात. म्हणून आपल्या निरोपावर एकच राखाडी खूण दिसत असेल, तर तो अद्याप पोहोचलेलाच नाही असे समजावे. दोन राखाडी खुणा म्हणजे पोहोचला, आणि निळ्या म्हणजे वाचला; काही जणांनी निळी खूण बंद ठेवलेली असते. उत्तर आले नाही म्हणून मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही. जो माणूस सड्यावर छत्री धरून उभा आहे, त्याला मोठा व्हिडिओ पाठवू नये. चार ओळी लगेच पोहोचतात.

दिवसांची निवड याहून महत्त्वाची आहे. चतुर्थीच्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर शेकडो गणपती येतात आणि त्यांत आपला निरोप बुडून जातो. मी मात्र विसर्जनानंतर चाकरमानी परत निघाले, की त्या संध्याकाळी लिहिते. दहा दिवस ज्या घरात पंचवीस पाने वाढली, तेथे आता दोघेच म्हातारे उरलेले असतात, चुलीजवळ मोठी पातेली घासून उपडी घातलेली असतात आणि माजघरात गणपतीची जागा रिकामी दिसते. त्या वेळी "आज घर शांत झाले असेल. पोरे पोहोचल्याचा फोन आला का?" एवढे लिहिले, तरी उत्तर हमखास येते, आणि लांबलचक येते. शिमग्याची पालखी देवळात परत गेल्यानंतरचे दोन दिवसही असेच असतात.

ज्या घरी वर्षभरात कुणी गेले आहे, त्या घराचा विचार वेगळा करावा. त्यांच्याकडे त्या वर्षी सण नसतो, म्हणून "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" हे चित्र सर्वांना एकदम पाठवताना त्यांचे नाव आधी वगळावे. त्याऐवजी, "यंदा तुमच्याकडे फराळ नसेल, आमच्याकडचा डबा पाठवते," असे लिहावे. आपली रीतही तीच आहे. दूर असलेल्याला डबा पाठवता येत नाही, तेव्हा गेलेल्या माणसाची आपल्याला ठाऊक असलेली एखादी आठवण लिहावी. "भावपूर्ण श्रद्धांजली" हे शब्द त्या घराने तेरा दिवसांत शेकडो वेळा वाचलेले असतात. "वहिनींनी मला आमसुले वाळवण्याची पद्धत लिहून पाठवली होती, ती मी अजून जपून ठेवली आहे" हे वाक्य त्यांना दुसऱ्या कुणाकडूनही मिळणार नाही.

आवाजी निरोप पाठवायचा असेल, तर तो एका मिनिटाच्या आत आटोपावा, सुरुवातीला आपले नाव सांगावे आणि समुद्रावर उभे राहून बोलू नये, कारण वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत. समोरचा माणूस तो एस.टी.त बसून, चार जणांत लावील, हे गृहीत धरूनच बोलावे. नाजूक विषय लिहूनच कळवावा.

जेथे निरोप पुरत नाही

कुणी "आता जगण्यात अर्थ नाही", "माझ्यामुळे सर्वांना त्रास होतो", "हा शेवटचा मेसेज" अशा आशयाचे लिहिले, तर सुविचार पाठवू नये आणि ते गमतीवारीही नेऊ नये. लगेच फोन करावा. फोन उचलला, तर "तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो आहे का?" असे सरळ, शांतपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे; उलट आपले कुणीतरी ऐकते आहे, हे त्या माणसाला कळते. त्यांच्या घरातल्या किंवा गावातल्या कुणाला तरी कळवून तो माणूस एकटा राहणार नाही, असे पाहावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती दिवसरात्र चालते, फोनचे पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. जिवाला लगेच धोका दिसत असेल, तर ११२ वर फोन करावा. हे दोन्ही क्रमांक मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी जतन करून देते.

गोड निरोपांचा गैरफायदा घेणारेही असतात. महिनाभर रोज "जेवलात का?" विचारणारा अनोळखी मित्र एके दिवशी इस्पितळाच्या खर्चासाठी पैसे मागतो; किंवा ओळखीच्याच नावाने आणि फोटोने दुसऱ्या क्रमांकावरून मागणी येते. अशा वेळी आधीच्या, ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन लावून आवाज ऐकावा आणि तोवर एक रुपयाही पाठवू नये. ओटीपी तर कुणालाच सांगू नये. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

वही

शेवटचे साधन फोनच्या बाहेरचे आहे. मी शंभर पानांची एक साधी वही ठेवली आहे. कुणी काही सांगितले, की त्या माणसाचे नाव, गाव आणि पुढे विचारायची तारीख त्यात लिहिते. वेंगुर्ल्याच्या मैत्रिणीच्या मुलीचा निकाल, राजापूरच्या काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, देवगडच्या काकांनी विहिरीकाठी लावलेल्या नव्या कलमाला पहिला मोहोर येण्याचे वर्ष, असे सारे त्यात आहे. ज्या दिवशी अडचण आली, त्या दिवशी सगळेच विचारतात. तीन आठवड्यांनी विचारणारा क्वचितच असतो, आणि त्यासाठी स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. रोज सकाळी चहा घेताना मी त्या दिवसाचे पान पाहते. बहुतेक दिवशी तेथे काहीच नसते.

मालवणच्या ताईंसाठी मी १ ऑगस्टच्या पानावर तीन शब्द लिहून ठेवले होते: "मालवण, इंजिन, होडी." त्या सकाळी मी त्यांना लिहिले, "ताई, आज बंदी उठली. इंजिन लागले का? होडी गेली का?" दिवसभर एकच राखाडी खूण होती. रात्री नऊच्या पुढे दोन फोटो आले. एकात बांगड्यांची अर्धी भरलेली पाटी होती. दुसऱ्यात परसात, भिंतीच्या कडेने, माझ्याकडून गेलेल्या वांग्यांच्या रोपांची रांग होती, आणि पहिल्याच झाडाला दोन जांभळी फुले आली होती.